एकशेवीस रेघांची भिंत

सकाळी 7:20
इचलकरंजी. झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास. मागच्या बोळात यंत्रमाग, त्यांचा खडखडाट चोवीस तास. मॅडम कुलूप काढतात. बीसीए झालेल्या, वय अठ्ठावीस. शेजारच्या गावाहून वडापनं येतात. जायचे-यायचे 40 रुपये.

आधी खिडक्या, मग ओलं फडकं. मागाच्या कापसाचे तंतू रात्रीतून सगळीकडे बसलेले असतात. सीपीयूच्या पंख्यात तर गादीच तयार होते. त्यासाठी त्यांनी रंगाचा ब्रश आणलाय, स्वतःच्या पैशानं, 35 रुपयांचा. मशीन 12, चालू 10. सगळी जुनी घेतलेली, 4 जीबी रॅमची. सात नंबरच्या कीबोर्डची स्पेसबार दोनदा दाबावी लागते.

8:00
एमएससीआयटीची बॅच. मॅडमचं तोंड चालू, डोळे घड्याळावर.

9:45
टायपिंगची बॅच. टायपिंगला शिकवावं लागत नाही, बसवावं लागतं. पोरी टकटक करत राहतात. मॅडमना कोपऱ्यातल्या मशीनवर बसायला वेळ मिळतो. सुट्टीची गेमची बॅच दुपारी चारला. मुलांना पहिल्या दिवशीच 'थ्रीडी करायचं' म्हणून सांगून टाकलंय. आता करून दाखवावं लागणार.

हत्यार एकच, स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबनं 2007 मध्ये लोकांसमोर आणलेलं, 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी. फुकट. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, मांजर चालायला लागतं. चित्राची जागा 480 रुंद, 360 उंच. आडवा अंक एक्स, उभा वाय. तिसरा अंकच नाही. मांजर डावीकडे जाईल, वर जाईल. पडद्याच्या आत जाणार नाही.

10:30
मग आत जायचं कसं? मॅडम वहीवर चौकटी आखतात. बारा आडव्या, बारा उभ्या. भिंत तिथं 1, मोकळं तिथं 0. हे 144 आकडे लिस्टमध्ये भरायचे. एकेक, हातानं. पाऊण तास जातो. मधे एका मुलीचा मार्जिन बिघडतो, तो लावून येतात.

हा झाला वरून दिसणारा नकाशा. त्यात खेळाडू म्हणजे एक ठिपका. ठिपक्यातून एक किरण सोडायचा. एकेक पाऊल पुढं. इथं 0 आहे? पुढं. इथं 1? थांब. किती पावलं झाली ते अंतर. 6000 भागिले अंतर, ती पडद्यावरच्या उभ्या रेघेची उंची. भिंत 100 वर असेल तर रेघ 60 ची. 50 वर असेल तर 120 ची. जवळची उंच, लांबची बुटकी. एवढंच. स्क्रॅचच्या पेनची जाडी 4 ठेवली की 480 मध्ये 120 रेघा बसतात. अर्ध्या अर्ध्या अंशानं 120 किरण, म्हणजे 60 अंशांची नजर.

हे काही मॅडमनी शोधलेलं नाही. 1992 मध्ये अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरनं 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' काढला, त्यात जॉन कारमॅकनं हीच युक्ती वापरली होती. प्रत्येक उभ्या पट्टीला एक किरण. तेव्हा मशीनला ताकद नव्हती म्हणून युक्ती लागली. इथं ठोकळ्यांना तिसरा अंक माहीत नाही म्हणून लागते.

11:50
हिरवा झेंडा दाबतात. रेघा डावीकडून एकेक करत उमटतात, सावकाश. स्क्रॅच सेकंदाला 30 वेळा चित्र बदलतं आणि प्रत्येक रेघेनंतर थांबून दाखवतं. 120 रेघा म्हणजे एका चित्राला 4 सेकंद. मान वळवायची तर 4 सेकंद. खेळणार कोण?

इलाज एका टिचकीचा आहे. स्वतःचा ठोकळा करायचा आणि 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश' वर खूण करायची. आधी सगळं काढ, मग दाखव. आता पडद्यावरचा बोळ एकदम दिसतो. पण मशीन घरघरतं. एकेका किरणाला दीडदीडशे पावलं, असे 120 किरण. मॅडम पाऊल 5 चं करतात. भिंतीत घुसलं की 1-1 नं मागं यायचं. दीडशेची पस्तीस पावलं होतात. बाण दाबला की बोळ लगेच वळतो. ज्या मुलांकडं घरी चांगलं मशीन असतं त्यांना हे कधी करावं लागत नाही, आणि म्हणून सुचतही नाही, असं मला वाटतं. मॅडमना तसं वाटत नाही. "चांगलं मशीन द्या, सुचेल की तिथं पण," त्या म्हणतात.

1:15
डबा. भाकरी, वांग्याची भाजी, दही. खालून चहा, 10 रुपये. पगार 9,500. गेमच्या बॅचची फी 1,200, त्यातले पोरामागं 200 मॅडमना. पोरं 9. म्हणजे सुट्टीत 1,800 वरकड. त्यातून फोनचा रिचार्ज आणि भावाच्या परीक्षेची फी.

2:00
ऑनलाइन फॉर्म. अकरावीचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे. फॉर्ममागं पैसे घेतात, ते क्लास चालवणाऱ्या सरांच्या गल्ल्यात. एका बाईंचा फोटो 50 केबीत बसत नाही. तीनदा कापल्यावर बसतो.

4:00
पोरं जिना चढताना ऐकू येतात. पाचवी ते आठवी. 9 पोरं, 10 मशीन, म्हणून सात नंबरवर कोणी बसत नाही.

सकाळचं चित्र मॅडम दाखवतात. "लय भारी!" मग आठवीतली एक मुलगी म्हणते, "मॅडम, भिंत फुगलीया."

खरंच फुगलीय. सरळ भिंतीसमोर उभं राहिलं तर मधे जाड, कडेला निमुळती. मॅडमना हे सकाळीच दिसलं होतं. मुद्दाम ठेवलंय.

शिंप्याचा टेप निघतो. पाचवीतला मुलगा फरशीवर खडूच्या खुणेवर उभा. समोरच्या भिंतीपर्यंत सरळ टेप: 8 फूट. मग कंपासपेटीतला कोनमापक जमिनीवर ठेवून 30 अंश तिरका टेप, त्याच भिंतीला: 9 फूट 3 इंच. दोनदा मोजतात. टेप मधे लोंबतो म्हणून एकजण खालून धरतो.

"भिंत तीच हाय की," मुलगा म्हणतो.

"तीच. पण तिरका किरण लांब गेला. लांब गेला म्हणून रेघ बुटकी झाली. मधे 60, कडेला 52."

मग 9 फूट 3 इंचाचे परत 8 करायचे कसे? मॅडम फळ्यावर 0.866 लिहितात. गुणून बघा. मोबाइलवर गुणतात. 8 येतात. हा आकडा 'कॉस' च्या ठोकळ्यातून निघतो, कोन दिला की. "कॉस म्हणजे?" "नववीत शिकवतील. आज वापरा." अंतराला त्यानं गुणलं, आणि पडद्यावर भिंत सरळ झाली. मुलगी तरीही जवळ जाऊन बोटानं कडा तपासते.

बापाचा माग असलेला एक मुलगा मागं बसलाय. इतका वेळ गप्प होता. "हे तर बीमवरचा ताणा हाय," तो म्हणतो. "उभं सूत, शेजारी शेजारी." मॅडम म्हणतात, "हां, आणि आडवा धागाच नाही."

5:10
लाईट जाते. माग थांबतात. खोलीत अचानक पोरांचाच आवाज मोठा होतो. इन्व्हर्टरवर 4 मशीन. बाकीची पाच पोरं अंधाऱ्या पडद्याकडं बघत. ज्यांनी सेव्ह केलं नव्हतं त्यांचे 144 आकडे गेले. एकजण रडवेला होतो. मॅडम पेनड्राइव्हवरून स्वतःची फाइल देतात, पण नकाशा बदलायला लावतात. तुझा बोळ तू कर.

5:35
लाईट येते. आता बोळात भूत सोडायचं. स्क्रॅचच्या चित्रांत तयार मिळतं. अंतर मोजायचं, त्यावरून आकार लहानमोठा करायचा. सगळ्यांना जमतं. आणि सगळ्यांचं भूत भिंतीतून दिसतं.

"भूतच हाय, दिसणारच," कोणीतरी म्हणतं. खोलीभर हसू. पण कारण दुसरं आहे. स्क्रॅचमध्ये पेनची शाई कायम चित्रांच्या खाली राहते. भिंत शाईची. भूत चित्र. भिंत कधीच भुताच्या पुढं येऊ शकत नाही.

मॅडम दुसरी लिस्ट करायला सांगतात. प्रत्येक रेघेचं अंतर तिथं ठेवायचं, 120 आकडे. भूत कितव्या रेघेवर आहे ते काढायचं. तिथली भिंत 40 वर, भूत 90 वर? लपव. भिंत 130 वर? दाखव. आता भूत कोपऱ्यामागं जातं आणि नाहीसं होतं. पण पूर्ण, एकदम. अर्धं कधी दिसत नाही.

"अर्धं दिसायला पायजे की ओ मॅडम."

"उद्या."

6:30
पोरं जातात. दोघांची फी बाकी. मॅडम वहीत तारीख टाकतात, फोन करत नाहीत. पगार झाला की बाप येतोच, हा त्यांचा अंदाज. सर येऊन गल्ला मोजतात, किती मशीन बंद ते विचारतात. बाराव्याचा पॉवर सप्लाय गेलाय. "बघू पुढच्या महिन्यात."

7:40
टायपिंगची शेवटची बॅच सुटतेय. आठवीतली मुलगी परत आलीय, विसरलेली कंपासपेटी घ्यायला. दारातच विचारते, "मॅडम, ह्यात जिना करता येईल?"

मॅडम यूपीएस बंद करता करता थांबतात. "नाही येणार. एका किरणाला एकच भिंत, आणि सगळ्या भिंती सारख्या उंचीच्या. पायरी म्हणजे एकामागं एक वेगवेगळ्या उंच्या. किरण पहिल्या पायरीलाच थांबेल."

"मग?"

"मग प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे ठेवायचे. एक्स आणि वाय, दोन्हींना तिसऱ्यानं भागायचं, आणि रेघा जोडायच्या. लांबलचक काम आहे."

"कधी शिकवणार?"

"दिवाळीच्या बॅचला. फी वेगळी."

मुलगी हिशेब करते. "किती?"

"सरांना विचारते," मॅडम म्हणतात, आणि कुलूप शोधू लागतात. वडाप आठला सुटतं.