नवोदय विद्यालय आणि विद्यार्थी-विविधता : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

अमेरिकेत १९७० च्या दशकात वांशिक विभाजन कमी करण्यासाठी मॅग्नेट शाळांना शासकीय निधी मिळू लागला. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील नवोदय विद्यालये या संकल्पनेच्या जवळची आहेत. वाशिमच्या नवोदय विद्यालयातील अध्यापन, निवास व भोजन यांचा खर्च केंद्र शासन करते. सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, तर किमान एक-तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती-जमातींनाही आरक्षण आहे. नववीत काही विद्यार्थी वर्षभर हिंदीभाषक प्रदेशात शिकतात, तेथील विद्यार्थी येथे येतात. अशा प्रकारे नियम व निधी यांच्या जोडीने विविधता साकारते. मात्र दरवर्षी हा लाभ चाचणीद्वारे निवडलेल्या कमाल ८० मुलांनाच मिळतो. जिल्हा परिषद शाळांत उरणाऱ्या मुलांपर्यंत तो कसा पोहोचेल, हा मूलभूत प्रश्न होय.