थकव्याचं गणित आणि रोवण्याचा हंगाम

सिकलसेलसोबत जगताना : लेखांक 5

मागच्या आठवड्यात आपण सिकलसेलच्या कळांविषयी बोललो. कळ कोणालाही दिसते. माणूस विव्हळायला लागला की घरचे गाडी शोधतात आणि गोंदियाला केटीएस रुग्णालयात घेऊन जातात. थकव्याचं तसं नाही. सकाळी चांगली उठलेली पोरगी अकराच्या सुमाराला भिंतीला टेकून बसते, तेव्हा घरात पहिला शब्द निघतो तो 'आळशी'. सासर असेल तर 'कामचोर'.

निरोगी माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात, म्हणजे ज्याच्या अहवालात 'एसएस' लिहिलेलं असतं त्याच्यात, ती 10 ते 20 दिवसांतच फुटते. हाडांतली मज्जा अखंड नव्या पेशी घडवत राहते, तरी तूट भरून निघत नाही. हिमोग्लोबिन बहुधा 7 ते 9 च्या आसपास अडकतं. रक्तात प्राणवायू वाहणारे कमी, म्हणून हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. माणूस खाटेवर निवांत पडलेला दिसतो, पण त्याच्या शरीराची मेहनत थांबलेली नसते. फुटलेल्या पेशींतून तयार होणारं पिवळं द्रव्य डोळ्यांत उतरतं आणि घरचे कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधामागे धावतात. ज्यांच्या अहवालात 'एएस' आहे, ते फक्त वाहक. त्यांनी आपल्या रोजच्या थकव्याचं खापर सिकलसेलवर फोडू नये, दुसरं कारण शोधावं.

दुसरा गैरसमज लोहाचा. 'अंगात रक्त नाही' म्हटलं की बीट, गूळ आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, आणि फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं. वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साठून यकृताला आणि हृदयाला इजा होऊ शकते. काही रुग्णांत लोहाची खरीच कमतरता असते, नाही असं नाही. पण ते तपासणीतून कळतं. म्हणून शाळेत गोळ्या वाटल्या जातात तेव्हा आपल्या मुलाला सिकलसेल आहे हे गुरुजींच्या आणि आरोग्यसेविकेच्या कानावर घालावं आणि लोहाचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारावं. नवी पेशी घडवायला लागतं ते फॉलिक अॅसिड. साधी, स्वस्त गोळी, आणि नेमकी तीच घ्यायची राहून जाते.

रात्रीकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद कमी होते, त्यामुळे रुग्णाला रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागतं. मोठी मुलंही अंथरूण ओलं करतात आणि त्यावरून मार खातात. त्यात सांध्यांचं दुखणं. अशा तुकड्यातुकड्यांच्या झोपेनंतर सकाळी ताजंतवानं कोण उठेल? यावर कोणी पाणीच कमी प्यायला सुचवतं. तेवढं करू नये. शरीरातलं पाणी घटलं की पेशी जास्त वाकड्या होतात आणि कळ उठते.

आता रोवणा, म्हणजे धानाची लावणी. जुलै-ऑगस्टमध्ये आमगाव, सालेकसा, देवरी, कुठेही जा, बांधीत बायांची रांग वाकलेली दिसेल. पाय घोटाभर चिखलात, वरून पावसाची झड, अंगावर ओलं लुगडं. गारठा, ओल आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टी सिकलसेलला डिवचतात. त्यात काम ठेक्याने घेतलेलं असलं, तर जिचा हात मागे पडतो तिच्यामुळे सगळ्या टोळीचा रोज बुडतो. बोलणी बसतात. मग ती बाई दात आवळून दिवस काढते आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळते. तब्येत बरी वाटली की सगळं उरकून टाकायचं आणि मग कोसळायचं, हे चक्र मोडायला हवं. जिच्या घरी हे शक्य आहे तिने ठेक्यात शिरूच नये. घरच्या बांधीत सकाळचे तीन-चार तास करावेत, कोरडे कपडे घालावेत आणि उरलेलं दुसऱ्या दिवसावर टाकावं. जिला रोजीशिवाय चूल पेटत नाही, तिला मी हे कोणत्या तोंडाने सांगू? तिच्यासाठी टोळीच्या मुकादमाशी आशाताईंनी एकदा बोलणं, हाच मला सुचणारा मार्ग आहे.

अर्जुनी मोरगावकडच्या शेतकऱ्याला इटियाडोहच्या पाण्याच्या पाळ्या ठाऊक असतात. धरणात पाणी दिसतं म्हणून कोणी कालवा पहिल्याच आठवड्यात मोकळा सोडत नाही. शक्तीचंही असंच ठरवून वाटप करायचं. थकल्यावर बसायचं नाही, थकण्याआधी बसायचं. अवघड काम अंगात जोर असतो त्या वेळेला. पाण्याच्या दोन घागरींऐवजी अर्धी-अर्धी घागर, जास्त खेपांत. आणि वाटप रुग्णाने एकट्याने करून भागत नाही, घराने मिळून करायचं.

शाळेतल्या मुलांना कायद्याचा आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. दहावी-बारावीच्या परीक्षेत या मुलांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते परीक्षेच्या तोंडावर मिळत नाही. जूनपासूनच मागे लागावं.

औषधांत हायड्रॉक्सीयुरिया महत्त्वाचं. त्याने रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, पेशी जास्त टिकतात आणि कळा कमी होतात. नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेतही ते उपयोगी पडतं हे दाखवलं. गुण यायला काही महिने लागतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. महिनाभर घेऊन 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे खूप.

1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासण्या आणि कार्डवाटप वाढलं, हे चांगलंच. पण बाह्यरुग्ण विभागात 'दिवसभरात किती काम होतं?' हा प्रश्न विचारला जातो का, हे मी बघत असतो. क्वचितच. म्हणून रुग्णाने स्वतःच सांगावं : पूर्वी बाजारापर्यंत चालत जायचो, आता अर्ध्या वाटेत बसतो.

आपलं नेहमीचं हिमोग्लोबिन प्रत्येक रुग्णाला पाठ हवं. नेहमी 8 असणारा माणूस 8 वर शेती, शाळा सांभाळतो. तोच दोन दिवसांत 6 वर आला, तर ते वेगळंच संकट असतं. अचानक आलेली गळाठून टाकणारी अशक्तता, पांढरे फटक ओठ, धाप, ताप, किंवा लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली फुगलेली पाणथरी, यांतलं काहीही दिसलं तर विश्रांती घेत घरी थांबायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

पुढच्या लेखांकात : लग्न जुळवण्याआधी दोघांची रक्ततपासणी.