मासा तळण्याऐवजी भाजून: चुऱ्याचे कवच, चमचाभर तेल

कोरीटला आमच्या घरी मासे म्हटले की दोनच प्रकार ठरलेले: रस्सा आणि तळलेले काप. नंदुरबारच्या बाजारातून रोहू किंवा कटला आला की कापांना हळद, तिखट, मीठ लावायचे आणि पिठात घोळवून तेलाच्या कढईत सोडायचे. गेल्या वर्षी घरातल्या आबांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी तळलेले बंद करायला आणि मीठ कमी करायला सांगितले. आम्ही घाबरून त्यांचा मासाच बंद केला. सगळे काप खात असताना आबा भाजी-भाकरीचे ताट घेऊन बाजूला बसू लागले. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. म्हणून सगळ्यांना एकत्र बसून खाता येईल असा मासा करायचा, असे आम्ही ठरवले. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

दोष माशाचा नाही

पहिली गोष्ट, डॉक्टरांनी तळलेले बंद करायला सांगितले होते, मासा नव्हे. १०० ग्रॅम रोहूत साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ तीन अंड्यांएवढी. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व मिळते. भाकरी आणि पालेभाजीतले लोह शरीरात मुरायलाही मासा मदत करतो. वाढत्या मुलांना आणि गरोदर बाईला तो घरात हवाच.

अडचण कढईची आहे. तळताना माशाच्या वरच्या थरातले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्या जागी तेल शिरते. त्यात उरलेले तेल गाळून पुन्हा वापरण्याची आपली सवय. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याची रचना बिघडते आणि त्यात अपायकारक घटक वाढत जातात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या अशा बिघडलेल्या घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. हॉटेलात ते मोजायचे यंत्र असू शकते, घरात नसते. तेल काळे पडले, फेसाळले, वास येऊ लागला किंवा लवकर धूर सोडू लागले, तर ते पोटात घालू नये.

चुरा काय काम करतो?

माशाच्या मांसात सुमारे पाऊण भाग पाणी असते. मासा नुसताच भट्टीत ठेवला तर वरून कोरडा पडतो आणि खमंगपणाही येत नाही, कारण ओला पृष्ठभाग तांबूस होत नाही. पावाचा चुरा आधीच कोरडा असतो. तो लवकर कुरकुरीत होतो आणि आतल्या मांसाचा ओलावा धरून ठेवतो. तळणीत जी मजा तेल देते, ती इथे चुरा देतो.

मात्र एक गोष्ट आम्ही पहिल्यांदा चुकलो. कोरडा चुरा तसाच लावला, तर मासा शिजला तरी चुरा पांढराच राहिला आणि तोंडात पिठूळ लागला. चुरा आधी थोड्या तेलावर परतून घ्यायचा, हेच या पदार्थाचे खरे गमक.

कृती (चार माणसांसाठी)

अर्धा किलो माशाचे बोटभर जाडीचे काप घ्यावेत. धुऊन स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरडे करावेत. अर्धे लिंबू, आले-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, हळद, तिखट आणि पाव चमचा मीठ लावून वीस मिनिटे ठेवावेत.

दोन दिवसांचे शिळे चार पाव वाळवून भरड कुटावेत. चार लहान चमचे तेलात हा चुरा मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावा. मधुमेह असेल त्या घरी शिळी ज्वारीची भाकरी कडक वाळवून कुटली तरी छान कवच होते. पण तेही धान्यच, म्हणून सोबतची भाकरी तेवढी कमी करावी. बाजारातला गोड टोस्ट वापरू नये, त्यात साखर असते.

कापांना फेटलेले अंडे किंवा घट्ट दही लावावे आणि चुऱ्यात दोन्ही बाजूंनी दाबून घ्यावे. ओव्हन असेल तर २०० अंशांवर आधी दहा मिनिटे तापवून काप १२ ते १५ मिनिटे भाजावेत.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. जाड लोखंडी कढईत इंचभर स्वच्छ कोरडी वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, त्यावर रिंग ठेवावी आणि घट्ट झाकण लावून दहा मिनिटे तापवावी. मग तेल पुसलेल्या स्टीलच्या ताटलीत काप मांडून आत ठेवावेत. मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटे लागतात. झाकण सारखे उघडू नये, आतली गरमी निघून जाते. नॉनस्टिक भांडे अशा कोरड्या आचेवर ठेवू नये. पानात गुंडाळून निखाऱ्यावर मासा भाजणे आपल्या सातपुड्याला नवे नाही. ही त्याच चवीची जवळची वाट आहे.

मासा झाला का, हे चुऱ्याच्या रंगावरून ठरवू नये. जाड कापात सुरी घालून पाहावी: मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले असेल आणि पाकळ्यांसारखे सुटत असेल तर झाला. नदी-तलावाचा मासा कधीच कच्चट खाऊ नये.

काही सावधगिऱ्या

मासा घेताना डोळे चमकदार, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे असावे. घर लांब असेल तर बर्फातच आणावा. रोहू-कटल्यात मांसाच्या आत बारीक दुफाटी काटे असतात आणि चुऱ्याखाली ते दिसत नाहीत. लहान मुलांसाठी मरळ किंवा तिलापिया घ्यावा, आणि तोही मोठ्याने हाताने चाचपून भरवावा. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट लहान चमच्याहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून सोबत लोणचे-पापड नको. कांदा, काकडी आणि लिंबू पुरे. मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक अॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची गोळी मात्र कुठल्याही पदार्थाच्या भरवशावर सोडू नये.

हिशेब साधा आहे. चार जणांत चार लहान चमचे तेल, म्हणजे माणशी एक. शिळा पाव किंवा भाकरी वाया जात नाही आणि काळे तेल उरत नाही. आमच्याकडे आता मासे आले की ताटे एकाच ओळीत लागतात, आणि पहिला काप आबांना जातो.