नवसागर आणि नत्रचक्र : यवतमाळात खाऱ्या पाण्याचे लहान मत्स्यालय

इंग्रजीतील 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द मूळचा लॅटिन असून त्या भाषेत त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने १८५४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात तो योजला आणि जलचर ठेवण्याची काचेची टाकी या अर्थाने तो रूढ झाला. मराठीत आपण त्यास 'मत्स्यालय' म्हणतो. एका नावात पाण्याचा निर्देश आहे, दुसऱ्यात माशांचा. प्रस्तुत विषयापुरते पाहता लॅटिन नावच अधिक यथार्थ म्हणावे लागेल. कारण खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय स्थापन करणे म्हणजे मासे आणून सोडणे नव्हे, तर मासे जगू शकतील असे पाणी सिद्ध करणे होय. हे सिद्ध करणे कसे घडते, आणि त्याचा यवतमाळच्या शेताशी व विहिरीशी काय संबंध आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या दारापुढेच अरबी समुद्र होता. यवतमाळपासून पश्चिमेचा व पूर्वेचा असे दोन्ही समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. येथे समुद्राचे पाणी आणणे व्यवहार्य नाही; ते तयारच करावे लागते. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद व चाळीस उंच अशी टाकी घेतली तर तिची धारणशक्ती ९६ लिटर भरते. दगड व वाळू यांनी व्यापलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ८० लिटर पाणी मावते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्या टाकीस पावणेतीन ते तीन किलो क्षार लागतील.

हे क्षार म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. समुद्रजलात सोडियम व क्लोराइड प्रमुख असले तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम व बायकार्बोनेट हीही ठराविक प्रमाणात असतात. यास्तव मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी क्षारांचे मिश्रणच घ्यावे. ते ज्या पाण्यात विरघळवावयाचे ते पाणीही जवळजवळ क्षारमुक्त हवे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असते आणि बोअरच्या पाण्यात कोणते क्षार किती आहेत हे गावागणिक बदलते. म्हणून आरओ यंत्रातून गाळलेले पाणी वापरावे. क्षार घातल्यावर पंपाने एक दिवस पाणी ढवळू द्यावे आणि रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजून पाहावी.

यानंतर दगडांचा विचार. पाश्चात्त्य देशांतील छांदिष्ट समुद्रतळाचे 'जिवंत दगड' व प्रवाळ टाकीत ठेवतात. आपल्याकडे भित्ती रचणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ते काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. हा निर्बंध अनाठायी नाही. मालवणच्या समुद्रात, जेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले, तेथील प्रवाळ तापत्या पाण्यामुळे विरंजित झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आपण मानवनिर्मित सच्छिद्र दगड घ्यावेत. ते कोरडे व निर्जीव असतात; परंतु त्यांच्या असंख्य छिद्रांत पुढे जी वस्ती होते तीच या टाकीचा खरा आधार होय.

ही वस्ती कोणाची, हे समजण्यासाठी नत्राकडे वळले पाहिजे. 'नत्र, स्फुरद, पालाश' ही त्रयी जिल्ह्यातील प्रत्येक कापूस उत्पादकास खताच्या पोत्यावरून परिचित आहे. माशांच्या उत्सर्जनातून व कुजणाऱ्या अन्नातून नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. अमोनिया माशांच्या कल्ल्यांस घातक असतो, आणि पाण्याचा सामू वाढेल तसा त्याचा विषारी अंश वाढतो. सामू सातवरून आठवर गेला तर हा अंश सुमारे दहापट होतो. सागरी पाण्याचा सामू आठच्या वर असल्यामुळे येथे धोका विशेष आहे. समुद्रात व मातीत काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढेपर्यंत थांबणे यालाच छांदिष्टांच्या बोलीत 'टाकी सायकल करणे' म्हणतात. आपण त्यास नत्रचक्र सुरू करणे म्हणू.

हे कार्य सजीवांचे आहे हे १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंत्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखविले. त्यांनी वाळू व चुनखडी यांच्या स्तंभातून सांडपाणी झिरपत ठेवले. सुमारे वीस दिवस अमोनिया तसाच राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्म देताच ही क्रिया थांबली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी रोथॅमस्टेड येथे शेतजमिनीतील याच क्रियेचा अभ्यास केला. आणि त्यांचेच त्याच नावाचे वडील १८५० च्या सुमारास काचेच्या टाकीतील वनस्पती व मासे यांच्या समतोलाचे प्रयोग करीत होते. टाकी आणि शेत हे दोन विषय अशा रीतीने एकाच घरात पिता-पुत्रांनी हाताळले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखविले. पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेले आढळते. परंतु गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते काम नायट्रोस्पायरा करतात असे १९९८ मध्ये दिसून आले.

चक्र सुरू करण्यासाठी जिवाणूंना अमोनियाचे खाद्य हवे. त्यासाठी मासे सोडण्याची प्रथा क्रूर व अनावश्यक आहे. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाला वापरतो तो नवसागर, हे काम करतो. या शब्दातील 'सागर' समुद्रवाचक नाही. फारसी 'नौशादर' शी निगडित असलेल्या या शब्दास ध्वनिसाम्यामुळे ओळखीचे रूप मिळाले. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण आहे. बाजारातील नवसागर अशुद्ध असतो, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचाच घ्यावा. ८० लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम पुरतो. त्याने लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. जिवाणूंचे बाटलीबंद विरजण मिळाल्यास तेही घालावे. पंप व फिल्टर अखंड चालू ठेवावेत, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो. दिवा मात्र बंद ठेवावा. प्रकाशाने केवळ शेवाळ वाढेल.

यापुढे दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांची चाचणी करून आकडे वहीत लिहावेत. नायट्राइट व नायट्रेट या शब्दांत ऐकताना एका स्वराचाच भेद जाणवतो. फ्रेंच रसायनज्ञांनी १७८७ मध्ये हे प्रत्यय निश्चित केले, ते प्राणवायूचे कमी-अधिक प्रमाण दर्शविण्यासाठी. दुकानात किंवा वहीत हा स्वर चुकला तर अपुरी टाकी पूर्ण झाल्याचा समज होतो. प्रथम अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते. काही दिवसांनी नायट्राइट उतरते आणि नायट्रेट चढते. साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे नायट्राइटची विषबाधा गोड्या पाण्यापेक्षा पुष्कळ सौम्य असते; तथापि त्याचे अस्तित्व हे चक्र अपुरे असल्याचे चिन्ह आहे. पुन्हा तेवढाच नवसागर घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. मग प्रथम शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणि पंधरा दिवसांनी पैदास-केंद्रात जन्मलेल्या क्लाउनफिशची एक जोडी सोडावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे बंदिस्त स्थितीत वाढविण्याचे तंत्र विकसित केले असल्याने ते समुद्रातून पकडण्याचे कारण उरलेले नाही.

यवतमाळच्या उन्हाळ्याची अडचण वेगळी आहे. बाहेर पारा ४२ अंशांच्या वर जातो, तर टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांवर असावे लागते. पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने ते थंड होते. विदर्भातील घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. मात्र वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नव्हे. पाच दिवसांत दहा लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून ४० वर जाईल. म्हणून ही तूट रोज आरओच्या बिनखाऱ्या पाण्याने भरावी. वीज गेली असता चालणारा बॅटरीवरील हवेचा पंपही जवळ हवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पंप थांबला की मासे काही तासांत गुदमरतात.

राहिला प्रश्न नायट्रेटचा. एक ग्रॅम कोरड्या मत्स्यखाद्यातील सर्व नत्र पाण्यात उतरले, तर आपल्या टाकीत लिटरमागे सुमारे चार मिलिग्रॅम नायट्रेट वाढेल. दगडांच्या खोल छिद्रांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे अन्य जिवाणू त्याचा काही अंश वायुरूप नत्रात बदलतात. परंतु लहान टाकीत हे पुरत नाही. म्हणून आठवड्यास आठ-दहा लिटर पाणी बदलावे लागते. २०१८ चा उन्हाळा अनुभवलेल्या यवतमाळ शहरात हे पाणी हिशेबानेच खर्चावे: खाद्य मोजके घालावे आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास घ्यावे.

येथे टाकीतून शेतात जाणे अपरिहार्य होते. पऱ्हाटीस दिलेला युरिया जमिनीत प्रथम अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. पिकाने न घेतलेले नायट्रेट मातीला धरून राहत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली विहिरीपर्यंत झिरपते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात अधिक नायट्रेट आढळलेल्या जिल्ह्यांत यवतमाळचे नाव आहे. पिण्याच्या पाण्यास लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तीहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलाच्या पोटात गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट पाणी उकळल्याने जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. टाकीचे पाणी आपण बदलू शकतो, विहिरीखालचे भूजल बदलता येत नाही. तेथे उपाय एकच, तो म्हणजे खताची मात्रा मोजून व विभागून देणे.

जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने अशी टाकी मांडली, तर पहिले सहा आठवडे तीत एकही मासा नसतानाच ती सर्वाधिक शिकवील. भिंतीवर तीन रेषांचा आलेख लावावा आणि विद्यार्थ्यांनी त्याच चाचणी-पद्धतीने, गोड्या पाण्यासाठीचे रंगपत्रक घेऊन, आपापल्या गावच्या विहिरीचे पाणीही तपासून त्याचा आकडा शेजारी लिहावा. नमुना कोठून व केव्हा घेतला याची नोंद अवश्य करावी, आणि मर्यादेबाहेरचा आकडा आल्यास ते पाणी शासकीय प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासून घ्यावे.