एकल उड्डाण आणि क्षणांची परीक्षा
बारामतीहून सरावासाठी एकटीच निघालेल्या प्रशिक्षणार्थी वैमानिक तरुणीचे सेस्ना १५२ विमान २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले. तिला किरकोळ दुखापत झाली.

शेजारी प्रशिक्षक नसताना निर्णय घेता यावा, हाच एकल उड्डाणाचा हेतू. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी किमान १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून पूर्ण करावे लागतात.

अशा एक-इंजिनी विमानाचे इंजिन हवेत बंद पडले, तरी ते लगेच कोसळत नाही. तरंगत खाली येते. मात्र उंची टिकवण्यासाठी नाक वर खेचल्यास वेग घटतो आणि पंखांची उचल संपते. म्हणूनच आधी वेग राखणे, मग मोकळी जागा हेरणे आणि त्यानंतर नियंत्रण कक्षाला कळवणे, हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडला जातो.