आबांची हत्यारांची पेटी

चळवळीचा इतिहास लिहिताना आपण सभा, मोर्चे, ठराव यांचा हिशेब मांडतो. सभेचे व्यासपीठ कुणी ठोकले, झेंड्याची काठी कुणी तासली, हे कुठल्याच अहवालात येत नाही. आमचे आजोबा, कालकथित आबा, हे त्या नोंद न झालेल्या माणसांपैकी एक. ते पुढारी नव्हते, वक्ते तर नव्हतेच. चौघांत बोलायची वेळ आली की घसा खाकरून गप्प बसत. आमच्या घरात जे काही उभे राहिले ते मात्र त्यांच्या हाताने.

दापोली तालुक्यातले आमचे गाव सोडून आबा हर्णैहून आगबोटीने मुंबईला आले, तेव्हा त्यांना नुकतेच मिसरूड फुटले होते. वरळीच्या बीडीडी चाळीत नातलगाच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली. गिरणीत आधी बदली कामगार, मग रिंग खात्यात डॉफर, पुढे सायडर. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. आबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. नोकरी अजून कच्ची होती, तरीही.

गिरणीत जास्त पगार साचेखात्यात. आबांच्या बोटांना ते काम चुटकीसरशी जमले असते, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराच्या ओठाला कसा चालणार? वाचकहो, हा विटाळ मानणारे आपल्याच शेजारी घाम गाळणारे कामगार होते आणि मालकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांनी नाइलाजाने तो मागण्यांत घेतला. आबा लागले तेव्हाही ते दार बंदच होते. तीसहून अधिक वर्षे ते रिंग खात्यातच राहिले. कामगारांच्या एकजुटीवर व्याख्याने देणाऱ्यांनी हा धोटा एकदा हातात घेऊन पाहावा.

ज्या हातांना गिरणीने हलक्या कामाला जुंपले, त्या हातांनी चाळीत काय केले नाही? एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि माणसे नऊ. आबांनी जुन्या बाजारातून सागवानी फळ्या आणून पोटमाळा बांधला. आम्ही नातवंडे त्यावरच अभ्यास केला, त्यावरच झोपलो. मजल्यावर कुणाचा रॉकेलचा स्टोव्ह भडकू लागला की तो आमच्या दाराशी येई. वायसर बदल, बर्नर साफ कर, पिन मार, आणि निळी ज्योत दिसेपर्यंत आबा उठत नसत. मृगाच्या तोंडावर छत्र्यांचा ढीग लागे. कुणाच्या चष्म्याची काडी, कुणाच्या चपलेचा अंगठा, १४ एप्रिलचा मांडव. रंधा, पटाशी, गिरमिट, कानस, पक्कड हे सारे एका पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप. चाळीत पैसे मात्र ते घेत नसत. आजी यावरून पुष्कळ बोलायची आणि तिचे चुकत होते असे आम्हाला वाटत नाही.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर आबांनी धम्मदीक्षा घेतली. घरी येऊन देव्हारा मोडला. पण लाकूड चांगले होते. त्याच फळ्यांचे त्यांनी पुस्तकांचे मांडण केले.

गावाकडची एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जाते. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण खोताचा आवाज गेला नव्हता. आबा रजेवर गावी गेले असता वाड्यावरून सांगावा आला : माडीचा जिना मोडलाय, पोराला पाठवून द्या. आबा गेले, जिना पाहिला आणि विचारले, ‘‘मजुरी काय देनार?’’ आमच्या वाडीतल्या माणसाने त्या अंगणात हा प्रश्न कधी विचारला नव्हता. उत्तर आले नाही. आबा परत फिरले. त्याच आठवड्यात त्यांनी गावच्या शाळेची मोडकी बाके फुकट जोडून दिली. हात तेच, हत्यारेही तीच. वेठ कुठे संपते आणि काम कुठे सुरू होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मुलांच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. पेटीला हात लावायचा नाही, आधी मॅट्रिक. थोरल्या काकांचा हात आबांसारखाच चालायचा. त्यांना आयटीआयला जायचे होते, पण आबांनी जाऊ दिले नाही. आपल्या पोराच्या हातात लेखणीच हवी हा त्यांचा हट्ट. ज्या समाजाच्या हाताला पिढ्यानपिढ्या घाणच लावली गेली, त्यातल्या बापाला असे वाटणारच. तरीही आम्ही म्हणू की काकांवर त्यात अन्याय झाला. ते मॅट्रिकला दोनदा नापास झाले आणि अखेर गिरणीतच लागले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार रस्त्यावर आले, त्यात काकाही होते. सहा महिने गेले, वर्ष गेले, घरातली भांडी गहाण पडली. निवृत्त आबांनी एके दिवशी पेटीचे कुलूप काढले आणि किल्ली काकांपुढे ठेवली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बापलेक खिडक्यांची, कपाटांची कामे घेऊ लागले. आबांचे डोळे अधू झाले होते. ते बोटाने सांधा चाचपून सांगत, अजून सुतभर घास.

आता वरळीच्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. २०२५ मध्ये पहिल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आमची खोली रिकामी करताना पोटमाळ्याच्या फळ्या उतरवून घ्याव्यात असे काकांनी ठरवले. ते आज ऐंशीच्या घरात आहेत, वर चढणे होत नाही. नाक्यावरून दोन पोरगे बोलावले. त्यांनी आधी मजुरी विचारली. काकांनी घासाघीस केली नाही.