गाईची पुडी कोकराला नको

बकरी ईद जवळ आली की मेंढ्यांचे भाव कुठवर चढले याच्या बातम्या सुरू होतात. मका भरडा आणि पेंड चारून दोन-तीन महिन्यांत नर कोकरू बाजारासाठी तयार करणाऱ्याला मात्र वेगळा घोर असतो: मधेच मरायला नको. म्हणून तो दुकानातून ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ खनिज मिश्रणाची पुडी आणतो.

खनिजांचं काम खोटं नाही. जस्त कमी पडलं की थायमस ग्रंथी आक्रसते, पांढऱ्या पेशी घटतात, कातडी आणि खूर बिघडतात. जंतू मारताना पांढऱ्या पेशीला स्वतःला इजा होऊ नये यासाठी लागणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असतं. पण ही सगळी कमतरता भरून काढण्याची गोष्ट आहे. दुप्पट चारून ताकद दुप्पट होत नाही. सेलेनियम तर जास्त झालं की विषच.

माझा खरा आक्षेप तांब्याला आहे. बहुतेक मिश्रणं गाई-म्हशींचा हिशेब धरून बनतात. गाय जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकते, मेंढीला ते नीट जमत नाही. किलोभर कोरड्या खाद्यात गाईला 40 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, मेंढीला जेमतेम 15. वरचं सगळं यकृतात साठत जातं. कित्येक आठवडे काही दिसत नाही, कोकरू छान भरतं. मग टेम्पोतला प्रवास, एखाद्या दिवसाची उपासमार, असं काही निमित्त होतं आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतं. डोळे पिवळे, लघवी काळपट तांबडी, दोन-चार दिवसांत जनावर जातं. फाडून पाहिलं तर मूत्रपिंडं काळीनिळी. म्हणजे ऐन बाजाराच्या तोंडावर, विकत आणलेल्या पुडीनंच घात केलेला असतो.

शिवाय खुराकावरच्या कोकराचा मोठा शत्रू आंत्रविषार, म्हणजेच ईटी. भरडा एकदम वाढवला की आतड्यातले जंतू माजतात, आणि सगळ्यांत टवटवीत कोकरू आधी मरतं. तिथे पुडीचा उपयोग शून्य, ईटीची लस हवी. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, तेव्हा कोकरं आणली की आधी पशुवैद्याला बोलवा आणि भरडा हळूहळू वाढवा. मिश्रण घ्यायचंच तर खास मेंढ्यांचं मागा. पुडीवर तांब्याचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती दुकानदाराला परत करा.